गाडीतली झोळी

सिद्धेश्वरअप्पा निडवंचे हे उदगीरातले सगळ्यात भित्रे गृहस्थ, असं म्हटलं तर त्यांचा अपमान होईल. पार देवणीपर्यंत शोधत गेलं तरी त्यांच्या तोडीचा माणूस मिळत नाही, हे खरं.

चौबाऱ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं बारदान्याचं दुकान. रिकामी पोती घ्यायची, फाटलेली शिवायची, डाळमिलवाल्यांना विकायची. पोत्यात हात घालायच्या आधी अप्पा ते काठीनं बडवणार, कारण आत विंचू असला तर? कुलूप लावलं की ओढून बघणार, गल्लीच्या तोंडापर्यंत जाणार, परत येऊन पुन्हा ओढणार. एसटीत खिडकीपाशी बसणार नाहीत. समोरून उसाची ट्रॉली आली की ऊस आत घुसतो म्हणे. दारापाशी बसणार नाहीत, दार उघडतं. ड्रायव्हरच्या मागं बसणार नाहीत, पहिली धडक तिथंच. मग उभे राहायचे, आणि ब्रेक लागला की पडायचे.

भिंतीपलीकडची शिवकांता एकदा त्यांना म्हणाली, "अप्पा, तुमी जन्माला तरी कसे आले हो? डरले न्हाई का?"

"डरलो ना," अप्पा म्हणाले. "म्हणून तर रडलो."

असा हा माणूस. भितो हे त्याला माहीत, आणि भितो म्हणूनच आजवर धड आहे असा त्याचा पक्का समज.

गाडीसुद्धा त्यांनी भीतीपोटीच घेतली. लेक दामिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पोटुशी पोर वडापच्या जीपमध्ये बसणार या विचारानं अप्पांना अन्न गोड लागेना. शेवटी ते नांदेडला एका परदेशी कंपनीच्या शोरूममध्ये गेले आणि तिथल्या पोरगेल्या सेल्समनला त्यांनी दिवस मावळेपर्यंत छळलं. दार आपोआप लॉक होतं, ते आपोआप उघडत तर नाही ना? बैल आडवा आला तर? बैल मागून आला तर? शेवटी त्या सेल्समननं कंटाळून खिशातला पांढरा रुमाल काढला, चालू डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी धरला आणि अप्पांच्या डोळ्यांपुढं नाचवला. रुमाल पांढरा तो पांढराच.

"बघा काका. ह्याच्याजवळ लेकरू झोपवलं तरी काही होणार न्हाई."

त्या एका वाक्यावर अप्पांनी गाडी घेतली.

घरी आणल्यावर बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे ओढले, आणि मग सुरू झाला रुमालाचा खेळ. येईल त्या पाहुण्याला चहाच्या आधी रुमाल. गाडी चालू करायची, मागं उकिडवं बसायचं, रुमाल धरायचा, झटकायचा, पाहुण्याच्या हातात द्यायचा. व्याही आले, त्यांनाही रुमाल. मठाचे स्वामी आले, त्यांनी तर रुमाल डोळ्यांना लावला. त्यांना वाटलं प्रसाद आहे. गल्लीत कुणी कपडे धुवायला काढले की शिवकांता हाक मारायची, "निर्मा कशाला घालता, अप्पाच्या गाडीमागं धरा."

दामिनीला मुलगी झाली, लातूरच्या दवाखान्यात. नाव ठेवलं अक्षरा. लातूर ते उदगीर पूर्ण रस्ता ती गाडीत गाढ झोपली. घरी आणून पाळण्यात घातली आणि तिनं जो सूर लावला तो गल्लीनं पुढं कित्येक दिवस ऐकला. अप्पांची बायको कमलम्मा बिदरकडची, चार बाळंतपणं निभावलेली. तिनं सगळं करून पाहिलं. बाळगुटी, शेक, धुरी. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, "माझं बंगारा, माझं सोनं" म्हणत फेऱ्या घातल्या. पोरगी ऐकेना. दामिनीच्या डोळ्यांखाली काळं आलं. एकदा तर ती लेकराला पाजता पाजता बसल्या जागी झोपली आणि लेकरू घरंगळून गादीवर आलं. अप्पांनी ते पाहिलं आणि लेकराच्या चहूबाजूंनी उशा रचल्या.

आणि जन्मात पहिल्यांदा अप्पांना एक धाडसाची कल्पना सुचली.

कमलम्माची जुनी इरकल साडी त्यांनी गाडीत मागच्या सीटवर आडवी बांधली, एका खिडकीवरच्या मुठीपासून दुसऱ्या खिडकीवरच्या मुठीपर्यंत. झोळी झाली. तिच्यात आधी तुरीचं अर्धं पोतं घालून हिसके देऊन पाहिले, मग पूर्ण पोतं. मग स्वतः कोपर टेकवून पाहिलं. सगळी खात्री पटल्यावर अक्षराला घातलं, जंगमांनी दिलेलं तिचं इवलंसं इष्टलिंग झोळीच्या काठाला बांधलं, काचा वर केल्या, एसी लावला आणि गाडी जागच्या जागी चालू ठेवली. घरापुढच्या पत्र्याखाली. तिथं तीन बाजूंना भिंती, वर पत्रा आणि पुढं लोखंडी फाटक. इंजिनाची गुरगुर झोळीत उतरली. अक्षरानं एकदा हुंदका दिला आणि डोळे मिटले.

घर गप्प झालं. दामिनी दिवसाउजेडी झोपली ती दिवेलागणीला उठली.

मग तो रोजचाच रिवाज झाला. दुकान बंद करून अप्पा आले, हातपाय धुतले, लिंगपूजा केली की नातीला घेऊन गाडीत. ते पुढच्या सीटवर, मान मागं वळवलेली. गल्लीतल्या सासुरवाशिणी झोळी बघायला यायच्या. कुणीतरी म्हणालं, अप्पांचं डोकं लई चालतं. आयुष्यभर भित्रा म्हणून चिडवून घेतलेला माणूस तो; त्याला हे ऐकून काय वाटलं असेल, ते त्याच्या चालण्यात दिसायचं. कुलूपसुद्धा एकदाच ओढायला लागला होता.

ही अशी गोडी चाललेली असताना एके सकाळी शिवकांता भिंतीवर कुरडया वाळत घालता घालता म्हणाली, "अप्पा, तुमची गाडी लबाड निघाली की."

"कामून? काय झालं?"

"टीव्हीवर सांगून राहिले. कंपनीनंच गाडीत लबाडी भरून दिली म्हणं. तपासणीच्या मशीनवर चढवली की गाडीला कळतंय, साहेब आले. मग अगदी शहाण्यावाणी वागती. रस्त्यावर आली की सोडती जहर. आमच्या सोमेशच्या गत. मी आले की पुस्तक, मी गेले की मोबाईल."

अप्पा हसले. हसू ओठांवरच राहिलं आणि ते तसेच दुकानात गेले.

दुकानात पेपर होता. आतल्या पानावर बातमी आणि बातमीत फोटो, त्यांच्याच गाडीचा. रंगसुद्धा तोच. सांगितल्यापेक्षा कितीतरी पट विषारी वायू. फुप्फुसांना घातक. लहान मुलं व वृद्ध. एवढे तीन तुकडे अप्पांनी वाचले, बाकीची अक्षरं हलायला लागली. समोरच्या टपरीवर हाच विषय निघाला होता. "ह्या कंपनीवाल्यांना अक्कलच न्हाई," एकजण म्हणत होता, "इकडं पीयूसीवाला गाडी न बघता कागद देतो. गाडीला लबाडी शिकवायची गरज काय?" टपरी हसली. अप्पांनी पेपर घडी घालून पोत्याखाली सारला, जसं काही झाकलं की बातमी गुदमरून मरेल.

मग ते मागं मागं जाऊन लेकराच्या गाडीत गेलेल्या संध्याकाळी मोजायला लागले. गुढीपाडव्याच्या आधीपासून. पाहुणे आले तो दिवस सोडून. बोटं काही पेरांवर गेली आणि थांबली. पुढं मोजवेना.

त्यांना ती जागा दिसायला लागली. तीन भिंती. पत्रा. फाटकाला त्यांनीच आतून बारदान लावलं होतं, रस्त्याची धूळ लेकराला नको म्हणून. आणि मागच्या बाजूला, झोळीपासून हातभर अंतरावर, सायलेन्सर.

त्या संध्याकाळी दामिनी लेकराला घेऊन अंगणात आली. "अप्पा, किल्ली घ्या ना."

"बॅटरी उतरलीय," अप्पा म्हणाले.

हे त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं खोटं नसेल. पण इतकं सहज निघालेलं पहिलंच. दुसऱ्या संध्याकाळी म्हणाले, मेकॅनिक बिदरला गेलाय. तिसऱ्या संध्याकाळी दुकानातच बसून राहिले. तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं की सरळ. पण काय सांगायचं? लेकीला बाळंतपणाला आणलं, आणि तिच्या लेकराला मी माझ्या हातानं, भस्म लावून, पूजा करून, धुराशेजारी टांगलं? भित्र्या माणसाला वाघाची भीती वाटते, विंचवाची वाटते. स्वतःच्या हाताची वाटायला लागली की त्यानं जायचं कुठं?

घरात पुन्हा रडणं सुरू झालं. आणि त्याच आठवड्यात अक्षरा खोकली.

आधी नुसतं ठसकली. कमलम्मा म्हणाली, "दूध घशात गेलं असंल." दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दूध पाजलेलं नसतानाही. बारीक, कोरडा खोकला, मांजराच्या पिलानं शिंकावं तसा. घरात बाकी कुणाचं त्याकडं लक्ष नव्हतं. अप्पा मात्र जेवताना घास हातात धरून थांबायचे आणि पुढच्या खोकल्याची वाट बघायचे. तो नाही आला तर आणखी भ्यायचे. उठून जाऊन नाकापुढं बोट धरायचे.

"अवो, झोपू द्या तिला," कमलम्मा म्हणायची. "लेकरू हाय, खोकणारच. तुमचं आपलं कायबी."

हे "तुमचं आपलं कायबी" त्यांनी लग्नापासून ऐकलं होतं. आता पहिल्यांदाच भीती खरी होती आणि घरचे तिला नेहमीचीच समजत होते.

कंपनीचा फोन आला. गाडीतली ती लबाडी काढून देऊ, फुकट; नांदेडला मालकांची बैठक आहे, या. अप्पा एसटीनं गेले. गाडीमालकांच्या बैठकीला एसटीनं आलेला तो एकटाच मालक.

शोरूमच्या थंडगार हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या. पुढं टाय लावलेला मॅनेजर. मालक तापलेले होते. अर्धापूरचा एक केळीवाला म्हणत होता, "आता ही गाडी घेणार कोण? पोराच्या लग्नात वरातीला काढली तर पाव्हणे हसले." देगलूरचा एक व्यापारी उठला. "तुमी ते काढून घेतल्यावर गाडी पहिल्यासारखी पळंल का न्हाई, ॲव्हरेज पडंल का, तेवढं बोला. पडत असंल तर राहू द्या लबाडी. मला काय तरास न्हाई तिचा." बरेच जण "हाव, हाव" म्हणत माना डोलवायला लागले. एक किडकिडीत गृहस्थ मात्र शांतपणे बोलले. आनंदराज त्यांचं नाव, पाटबंधारे खात्यात होते. "माझी आई गुणाबाई दम्याची आहे. रोज तिला घेऊन फिरतो. जाहिरातीत तुम्ही गाडीमागं फुलं दाखवली होती. मला ॲव्हरेज नको. त्या फुलांचं काय ते सांगा."

मॅनेजरनं फुलांचं सांगितलं नाही.

अप्पांनी मागच्या रांगेतून हात वर केला. तो खाली घेतला. पुन्हा वर केला. "साहेब, लेकराला... लहान लेकराला काही होतं का?"

"काका, गाडी चालवायला शंभर टक्के सेफ आहे."

"चालवायचं न्हाई विचारून राहिलो," अप्पा म्हणाले. "उभी असताना?"

"उभ्या गाडीनं काय होणार काका? उभी गाडी कुणाला धडकत नाही."

हॉल हसला. तापलेल्या माणसांना हसायला मिळालं की बरं वाटतं, तसं सगळ्यांना वाटलं. अप्पा खाली बसले. बाटलीचं झाकण त्यांना उघडता येईना.

बाहेर चहाच्या गाड्यावर आनंदराज त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. "तुम्ही उभ्या गाडीचं का विचारलंत?"

अप्पांनी खिशातून रुमाल काढला. "हे बघा. मी कितीदा धरून बघितला. डाग न्हाई. काही असतं तर दिसलं असतं ना हो?" हा प्रश्न नव्हता, ती विनवणी होती.

आनंदराजांनी रुमाल हातात घेतला, उलटा केला, परत दिला. "काजळी रुमालाला लागते. बातमीत आहे तो वायू लागत नाही. दिसतही नाही. तो छातीला कळतो. माझ्या आईला माझ्या आधी कळतो. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना."

अप्पांनी चहाचा ग्लास न पिताच ठेवला.

"घरी लेकरू आहे?"

अप्पांनी मान डोलावली.

"मग मला सांगू नका. घरी जाऊन सांगा."

परतीच्या एसटीत अप्पा खिडकीपाशी बसले. उसाच्या ट्रॉल्या समोरून येत राहिल्या, त्यांना दिसल्यासुद्धा नाहीत. पुढं चाललेल्या ट्रकचा काळा धूर आत येत होता आणि ते त्याच्याकडं जवळजवळ मायेनं बघत होते. हा दिसतो तरी. जळकोटच्या पुढं त्यांनी ठरवलं, आज घरी गेल्या गेल्या सांगायचं. कमलम्माला आधी? नको, दामिनीलाच. उदगीर जवळ आलं तसं त्यांनी ठरवलं, उद्या.

गल्लीच्या तोंडाशी त्यांना आवाज ऐकू आला.

तो आवाज त्यांनी हजार गाड्यांत ओळखला असता. संथ, भरदार गुरगुर. त्यांच्या पत्र्याखालची.

झालं होतं असं की दामिनीचा धीर सुटला होता. देवघरात दुसरी किल्ली असते हे तिला ठाऊक होतं. बॅटरी उतरलीय म्हणून शिवकांतानं धक्का मारायला सगळी गल्ली गोळा केली. दामिनीनं आधी सहज म्हणून किल्ली फिरवली, तर गाडी एका दमात चालू. सगळे हसले, शिवकांता म्हणाली, "बॅटरी न्हाई उतरली, अप्पाच उतरलेत," आणि झोळी बांधली गेली. टीव्हीवरचं जहर रस्त्यावर पळणाऱ्या गाडीचं, उभ्या गाडीचं नव्हे, अशीच तिची समजूत.

अप्पा पळाले. उदगीरात सिद्धेश्वरअप्पांना पळताना कुणी पाहिलं नव्हतं. पळताना पडतो माणूस. चप्पल एकीकडं, पिशवी दुसरीकडं. त्यांनी फाटकावरचं बारदान ओरबाडून काढलं, गाडीचं दार उघडलं, आधी किल्ली फिरवावी की लेकरू काढावं हे न कळून दोन्ही हात दोन्हीकडं घातले. मग अक्षराला झोळीतून उचललं, छातीशी घेतलं आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, तुळशीपलीकडं जाऊन उभे राहिले.

"अवो, आत्ता डोळा लागला होता तिचा," कमलम्मा म्हणाली.

अक्षरा खोकली. आता तो मांजराच्या पिलाचा खोकला नव्हता. आतून कुठून तरी येत होता, आणि खोकून झाल्यावर श्वासाला शिट्टी वाजत होती.

"गाडी बंद करा," अप्पा म्हणाले. आवाज त्यांचा वाटेना. "कुणीतरी बंद करा ती."

शिवकांतानं जाऊन किल्ली फिरवली.

मग अप्पांनी सांगितलं. तुळशीपाशी उभं राहून, गल्लीदेखत, बातमी, रुमाल, आनंदराज, सगळं. सांगताना ते लेकराच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि कुणाकडंच बघत नव्हते. 

दामिनी जवळ आली. "तुमाला कधी कळलं?"

"बातमी आली त्या दिवशी."

"म्हणजे बॅटरी."

"हाव."

"आणि ती खोकायला लागली, तवा?"

अप्पांचा पाठीवरून फिरणारा हात थांबला. दामिनीनं त्यांच्या हातातून लेकरू घेतलं. हिसकावलं नाही, अगदी हळू घेतलं. अप्पांना ते हिसकावण्यापेक्षा जड गेलं.

दवाखान्यात जायचं तर कशानं, हा प्रश्न निघाला. पत्र्याखालच्या गाडीकडं कुणी मानसुद्धा वळवली नाही. शिवकांता रिक्षा घेऊन आली. ती रिक्षा अशी की सुरू होताना तिनं निळ्या धुराचा लोट सोडला. अप्पांनी रुमाल लेकराच्या तोंडापुढं धरला. पुढं एसटी उभी होती, धूर सोडत. मेडिकलच्या दारात जनरेटर चालू होता. कोपऱ्यावर कुणीतरी कचरा पेटवला होता आणि त्यात प्लॅस्टिक जळत होतं. डाळमिलची धूळ उन्हात सोन्यासारखी तरंगत होती. ह्याच रस्त्यानं अप्पा आयुष्यभर चालले होते. विंचू, ऊस, कुलूप या सगळ्याला भ्याले. हवेला भ्यायचं कधी सुचलं नाही. आता त्यांना कळेना की लेकराला नेऊन ठेवायचं कुठं.

रूपाली डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकं भरलेली. निम्म्या आयांच्या कडेवर खोकणारी लेकरं. डॉक्टरांनी अक्षराची छाती ऐकली, पाठ ऐकली, अंगडं वर करून फासळ्या बघितल्या. वाफेचं मशीन लावलं. छोटा मास्क तिच्या नाकावर बसला तशी ती किंचाळली आणि अप्पांनी भिंतीला हात टेकला.

"छाती भरलीय. घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका," डॉक्टर म्हणाल्या.

"माझ्यामुळं झालं," अप्पा म्हणाले, आणि पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी थोडक्यात आलं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "बाहेर बसलेल्या लेकरांना हेच झालंय, अप्पा. त्यातल्या कुणाच्या घरी गाडी नाही. साथ आहे."

"म्हणजे गाडीनं न्हाई?"

"तसं मी म्हणाले नाही. गाडीनं झालं का, वाढलं का, की काहीच संबंध नाही, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. धूर बंद. गाडीचा, धुरीचा, उदबत्तीचा, सगळा. आणि हे बघा." त्यांनी अप्पांचं बोट धरून लेकराच्या बरगड्यांखाली ठेवलं. "श्वास घेताना इथं खड्डा पडायला लागला, किंवा ती दूध प्यायची थांबली, तर माझी वाट बघू नका. थेट लातूरला."

अप्पांना एकतर 'हो' हवं होतं, नाहीतर 'नाही'. मिळालं ते बरगडीखालचं बोट.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी दुकानातलं बारदान आणलं आणि सुई-सुतळी घेऊन गाडीला अंगरखा शिवला, चाकांपर्यंत. बॉनेटवरचे भस्माचे पट्टे पुसले नाहीत, पुन्हा ओढलेही नाहीत. सायलेन्सरच्या तोंडात तो पांढरा रुमाल कोंबला. त्यानं काही होत नाही हे त्यांना माहीत होतं. कंपनीचा पुन्हा फोन आला, गाडी कधी आणता? अप्पा म्हणाले, "तिला चालवायचं धाडस होईना," आणि ठेवून दिला.

दामिनी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. ताट वाढलंय. औषध द्यायचंय. पाणी तापलंय.

झोळी आता मागच्या अंगणात होती, रस्त्यापासून लांब, निंबाच्या फांदीला. फांदीलाही आधी तुरीचं पोतं टांगून झालं होतं. पण झोळी नुसती हलून काय होतंय? अक्षराला हवी होती ती गुरगुर. ती रडायला लागली की खोकायची, खोकली की रडायची, आणि रडताना फासळ्या अशा वरखाली व्हायच्या की खड्डा पडतोय की रडण्याचा हुंदका आहे, हेच कळेना. अप्पा बोट ठेवून बसायचे. ती शांत झाल्याशिवाय काहीच समजणार नव्हतं, आणि ती शांत होत नव्हती.

एका संध्याकाळी कमलम्मा स्वयंपाकात, दामिनी न्हाणीत. अप्पा झोळीपाशी एकटे. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. मग तोंड मिटून, घशातून, खोल आवाज काढला. घुर्र्र्र. थांबले. पुन्हा काढला, या वेळी लांब. अक्षरानं रडता रडता कान टवकारल्यासारखं केलं. अप्पांनी झोळीला तोंड जवळ नेलं, हात साडीला टेकवला, म्हणजे कंप आत उतरेल. घुर्र्र्र. श्वास घ्यायला थांबले की ती हुंदका द्यायची. म्हणून ते श्वास आत घेतानाही घुरघुरायला शिकले.

भिंतीवर शिवकांताचं डोकं उगवलं. तिनं खूप वेळ हसू आवरलं होतं, ते तिच्या गालांवरून दिसत होतं.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "चढ लागलाय. गिअर बदला."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं नाही. पण आवाज थोडा खाली आणला आणि हळूहळू वर चढवला, बालाघाटाच्या चढावर चढवावा तसा. शिवकांता हसली नाही. भिंतीवर हनुवटी टेकवून ऐकत राहिली.

हळूहळू रडणं गळून पडलं. झोळीतून एक हात बाहेर आला, मूठ उघडली आणि तशीच राहिली. अप्पांनी बोट बरगडीखाली ठेवलं. वर. खाली. शिट्टी होती, बारीक. खड्डा नव्हता. वर. खाली. नव्हता. की होता?

दामिनी ओल्या केसांनी मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. किती वेळ, कुणास ठाऊक. ती पुढं आली, झोळीत वाकून बघितलं आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

"झोपली, अप्पा. बंद करा आता."

अप्पांनी मानेनंच नाही म्हटलं, आणि बोट न काढता, फासळ्यांवरून नजर न हलवता, तशीच गाडी चालू ठेवली.